कानाचं मशीन ते यूडीआयडी कार्ड : मुंबईतला माझा अनुभव

जानेवारी २०२५ च्या शेवटी माझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पोस्टाने घरी आलं. कान दाखवायला पहिल्यांदा गेले त्याला तोवर वर्ष उलटलं होतं. या वर्षात काय काय करावं लागलं, किती पैसे गेले, कुठे थांबावं लागलं, ते क्रमाने लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. एका सहकारी पतपेढीत काउंटरवर बसते, वय ४९, राहायला भांडुप, नोकरी परळला. आमच्याकडे येणाऱ्या दोन-तीन खातेदारांनी माझ्या कानामागचं मशीन बघून हळूच चौकशी केली, तेव्हा वाटलं की लिहावंच.

माझं दुखणं असं होतं की आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. काचेपलीकडून कोणी रक्कम सांगितली की सात, आठ आणि साठ यांत फरकच लागेना. स्लिपवर लिहिलेलं असतं म्हणून काम निभावत होतं. फोन मात्र मी शेजारच्या टेबलावर ढकलायला लागले होते. घरी टीव्हीवरून कुरबुर. मुलगा त्याच्या खोलीतून काही बोलला की मी नुसतं 'हो' म्हणायचे, मग तो बाहेर येऊन विचारायचा, "हो काय आई? मी विचारलं चहा ठेवू की कॉफी." हसण्यावारी जायचं सगळं. पण लग्नाकार्यात मी कोपऱ्यातली खुर्ची शोधायला लागले होते, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये स्टेशनजवळच्या एका दुकानात 'मोफत कान तपासणी'चा बोर्ड बघून शिरले. तपासणीची खोली म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, बाहेर रिक्षांचे हॉर्न. दहा मिनिटांत तपासणी उरकली आणि समोर कोटेशन आलं : जोडी घेतली तर निम्म्या किमतीत, पण आजच बुकिंग करायचं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि बाहेर पडले. मशीनवर 'आजच्या आज' सूट देणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग मशीन, हा क्रम सोडू नका. कानात मळ घट्ट बसलेला असू शकतो, पडद्याला भोक असू शकतं, आतल्या हाडांच्या साखळीत दोष असू शकतो. या गोष्टींवर औषध किंवा ऑपरेशन असतं, त्यांच्यावर मशीन चढवण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट माझ्या बाबतीत लागू नव्हती, तरी सांगते : एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं, तर 'सर्दी असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग होतो.

जानेवारीत मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान बघितले, ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळावर टेकवला, आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणारी) व इम्पीडन्स (कानाच्या पडद्याची हालचाल बघणारी) अशा दोन तपासण्या लिहून दिल्या. दोन्हींचे मिळून १,२०० रुपये. या वेळी खोली खरी होती : जाड दार, आत शिरलं की बाहेरचं जग बंद. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला, कितीही बारीक असो, की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, मग वाटतं आला, का भास झाला? छाती धडधडते. ती धडधडच मोठ्याने ऐकू येते. सगळ्यांचं हेच होतं, असं तपासणी करणाऱ्या मॅडम नंतर म्हणाल्या. अंदाजाने दाबत सुटू नका, एवढंच.

हातात आला तो ऑडिओग्राम. सगळे त्याला 'ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट' म्हणतात. उजव्या कानाच्या लाल गोलांची आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्यांची अशा दोन रेघा. आडव्या अक्षावर हर्ट्झ, म्हणजे आवाज किती जाड की बारीक. उभ्या अक्षावर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा, वरून खाली वाढत जाणारे, त्यामुळे रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. माझ्या दोन्ही रेघा उजवीकडे घसरत गेल्या होत्या, सरासरी दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पलीकडे, डावा जास्त खराब. मॅडमनी समजावलं की अ, आ, ओ हे स्वर जाड आणि दणदणीत असतात, ते मला मिळतात. स, श, फ असली व्यंजनं बारीक आणि क्षीण, ती निसटतात. माझ्या काउंटरवरच्या साठ-आठचा उलगडा तिथे झाला.

डॉक्टर म्हणाले, "नसेचा दोष आहे. गोळ्यांनी परत येणार नाही. मशीन लावा आणि दर वर्षी तपासा." गोळ्यांनी बरं होईल अशी आशा मला होती, हे मला तेव्हा कळलं. भांडुपपर्यंत लोकलमध्ये मी कोणाशी बोलले नाही. रात्री नवऱ्याला रिपोर्ट दाखवला, तर तो बराच वेळ बघून म्हणाला, "म्हणजे तू मुद्दाम दुर्लक्ष करत नव्हतीस." त्या वाक्याचा राग येण्याऐवजी मला हायसं वाटलं.

फेब्रुवारीत दुसरं मत घ्यायला बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत गेले. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण या दोन्हींसाठी. इथे विद्यार्थी शिकतात, त्यामुळे तपासणी निवांत होते आणि शिक्षक ती पुन्हा बघतात. सकाळ पूर्ण मोकळी ठेवून जा. इथे शब्द ओळखण्याची परीक्षाही सविस्तर झाली : हेडफोनमधून मराठी शब्द येतात, ते तसेच म्हणून दाखवायचे. आवाज वाढवल्यावर मला बरेचसे शब्द नीट कळले, म्हणजे मशीनचा फायदा होणार हे आधीच कळलं. ज्यांना आवाज वाढवूनही शब्द उमगत नाहीत, त्यांना मशीनकडून काय अपेक्षा ठेवायची ते इथेच विचारून घ्यावं.

तिथेच 'एडिप' योजना कळली. केंद्र सरकारची ही योजना दिव्यांगांना साहित्य-साधनं देते. दरमहा उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, त्याहून जास्त पण ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी किंमत. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि मागच्या तीन वर्षांत सरकारकडून तेच साधन घेतलेलं नसावं. माझा पगार मर्यादेच्या थोडा वर, त्यामुळे मी बसले नाही. पण आमच्या पतपेढीच्या कितीतरी खातेदारांच्या घरात ही योजना बसेल, आणि त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचीही (ऑपरेशनने कानात बसवायच्या यंत्राची) सोय याच योजनेत आहे.

मशीन मार्चमध्ये घेतलं, एका खासगी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमकडे. निवडताना मी दोन गोष्टी बघितल्या. एक, भारतीय पुनर्वास परिषदेकडचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला होता. दोन, त्या मॅडम किमतीआधी माझ्या दिवसाबद्दल विचारत होत्या : फोन किती, मीटिंग किती, लोकल किती, घाम किती येतो. मला कानात दिसणार नाही असं बारकं मशीन हवं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की एवढ्या कमतरतेला कानामागचं मशीन आणि कानाच्या मापाचा मोल्ड (कानात बसणारा भाग) बरा, ताकद पुरते आणि बॅटरी टिकते. केस मोकळे सोडले की तसंही दिसत नाही. आता मी केस बांधूनच जाते, पण तो विषय वेगळा.

जोडीचे ८४,००० रुपये, दोन मोल्डचे २,५०० वेगळे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. माझ्या मेडिक्लेममध्ये हा खर्च बसला नाही. सोसायटीकडून थोडं कर्ज काढलं. दोन ठिकाणचे भाव तोलताना निव्वळ आकडा बघू नका, त्यात पुढची किती वर्षं सेटिंग करून मिळणार ते लेखी घ्या. मशीन हा एक छोटा संगणक आहे, तो तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवावा लागतो, आणि एकदा बसवून भागत नाही. स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवलेली, सगळे आवाज सरसकट मोठे करणारी यंत्रं मला म्हणूनच पटत नाहीत.

घेण्याआधी आठवडाभर डेमो मशीन मिळालं, अनामत ठेवून. ते शांत क्लिनिकमध्ये न बघता मी परळला काउंटरवर लावलं, दादरच्या पुलावर लावलं, घरी कुकरसमोर लावलं. फोन ब्लूटूथने जोडला जातो का, हे आपल्याच मोबाइलवर करून बघा. प्रत्येक अँड्रॉइड फोन प्रत्येक मशीनशी जुळत नाही. माझा जुना फोन जुळला नाही, मग मॅडमनी दुसरं मॉडेल दाखवलं.

बसवायच्या दिवशी त्यांनी कानात एक बारीक नळी सरकवली आणि मशीन सुरू असताना पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजलं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. सगळीकडे करत नाहीत. करून घ्या, मागून घ्या.

पहिला आठवडा वाईट गेला. माझाच आवाज मला रिकाम्या पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. प्लास्टिकची पिशवी उघडली की अंगावर काटा. पंखा इतका आवाज करतो हे मी विसरूनच गेले होते. सासूबाई भांडी घासत असताना मी मशीन काढून ठेवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, एवढे पैसे ओतलेत ना त्यात?" मॅडमनी मुद्दाम आवाज कमी ठेवून सुरुवात केली होती. पुढच्या भेटींमध्ये तो थोडा थोडा वाढवत नेला. मी एका वहीत लिहायचे : कुठे त्रास झाला, कोणाचं बोलणं सुटलं, शिट्टी कधी वाजली. 'बरं नाही वाटत' असं सांगण्यापेक्षा 'नळ सोडला की बोलणं बुडतं' असं सांगितलं की त्यांना नेमकं बदलता यायचं. मेच्या मध्यावर मी सकाळी उठल्या उठल्या मशीन लावायला लागले.

माझ्या मशीनला नारिंगी रंगाच्या, १३ नंबरच्या झिंक-एअर बॅटऱ्या लागतात. सहाचं पाकीट असतं, एक बॅटरी साधारण दहा-बारा दिवस जाते. वरचं स्टिकर काढल्यावर लगेच आत घालू नका, एखादं-दोन मिनिटं हवा लागू द्या. आणि घरात लहान मूल असेल तर या बॅटऱ्या नजरेआड ठेवा, गिळली गेली तर तडक हॉस्पिटल.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मशीन मध्येच बंद पडू लागलं. मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब जमायचे. ४०० रुपयांचा सुकवायचा डबा घेतला, आत सिलिका जेल. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन त्यात. नळीत हवा मारायचा छोटा रबरी फुगा मिळतो, तोही घेतला. मुंबईत राहणाऱ्याने हा डबा मशीनबरोबरच घ्यावा. हेअर ड्रायरने सुकवू नका.

मशीनने सगळं सुटत नाही, हेही लिहायला हवं. एकाशी समोरासमोर बोलणं, फोन, काउंटर, हे जवळपास मार्गी लागलं. चार जण एकदम बोलायला लागले, किंवा हॉलमध्ये बँड सुरू झाला, की मी अजूनही हरवते. अशा वेळी मोबाइलवरचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' काढते. गूगलचं हे अ‍ॅप २०१९ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात मराठी आहे. समोरचा बोलेल ते पडद्यावर उमटत जातं. एक माणूस, फोन जवळ, आवाज शांत : उत्तम. आपल्यासारखं मराठी-हिंदी-इंग्रजी एकाच वाक्यात आलं की ते गडबडतं. मासिक मीटिंगमध्ये मी फोन व्यवस्थापकांच्या समोर ठेवते आणि साधारण सत्तर टक्के मजकूर हाती लागतो, उरलेला इतिवृत्तातून. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा आजही माझ्या कानावरून जाते, म्हणून स्टेशनवर मी इंडिकेटर दिसेल अशीच जागा पकडते.

ऑफिसात मी सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं. पाठीमागून हाक मारू नका, समोर या. ओरडू नका, ओरडल्याने शब्द विकृत होतात, सावकाश बोला. माझं टेबल भिंतीला पाठ लागेल असं फिरवून दिलं, एसीपासून लांब. याला एक पैसा लागला नाही, आणि ८४ हजारांच्या बरोबरीचा फरक पडला असं मी म्हणेन.

आता कागदांचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मानलंय. त्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल कमतरता असलेले 'ऐकू कमी येणारे' आणि त्याहून जास्त असलेले 'कर्णबधिर'. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. जुलै २०२४ मध्ये मी स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे यूडीआयडी कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरला. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. पैसे लागत नाहीत. सही आणि फोटोच्या फायली ठरलेल्या आकारातच चढतात, मुलाने करून दिलं. नावनोंदणीचा क्रमांक मोबाइलवर येतो, त्या पानाची प्रिंट काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर तीच मागतात.

मला मिळालेलं पालिकेचं रुग्णालय कोणतं ते लिहीत नाही. दहा रुपयांचा केसपेपर काढून ईएनटीच्या ओपीडीत रांग. दिव्यांग प्रमाणपत्राचा बोर्ड ठरावीक वारीच बसतो, तो वार आधी विचारून घ्या, नाहीतर अख्खी रजा वाया. कान दाखवायला आलेल्या गर्दीला इथे नावं ओरडून बोलावतात. मी दारातल्या मामांना सुरुवातीलाच सांगितलं, "मामा, मला ऐकू येत नाही, माझी पाळी आली की हात करा." त्यांनी प्रत्येक वेळी आठवणीने केला. खासगी ऑडिओग्राम त्यांनी बघितला, पण तपासणी स्वतःचीच लागते म्हणाले. ती मशीन काढून होते, त्यामुळे मशीनची डबी बरोबर न्या.

मग बेरा. या तपासणीत तुम्हाला काही सांगावं लागत नाही. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक सोडतात, आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद यंत्र नोंदवतं. खोटं सांगून प्रमाणपत्र घेणाऱ्यांमुळे ती करावी लागते, असं तिथल्या ताई म्हणाल्या. बेराची तारीख मिळाली ती थेट नोव्हेंबरची. बाहेर करून आणली तर चालेल का विचारलं, तर नाही. त्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. निजून राहायचं, झोप लागली तर आणखी चांगलं. मला लागली, आणि त्या ओपीडीतला तेवढाच निवांत वेळ होता.

डिसेंबरमध्ये बोर्डासमोर टक्के निघाले. त्याचं गणित सगळ्यांनी समजून घ्यावं, कारण इथे बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. दोन कानांची साधी सरासरी घेत नाहीत. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणतात, त्यात वाईट कानाचे मिळवतात, बेरजेला सहाने भागतात. माझा उजवा ४३, डावा ६१. म्हणजे २१५ अधिक ६१, भागिले सहा : ४६ टक्के. रांगेत माझ्या पुढे असलेल्या एका मुलाचा एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा धडधाकट. तो चाळिसाच्या जवळपासही पोचला नाही. वर्गात, रस्त्यावर त्याला किती त्रास होत असेल ते मला कळत होतं. नियमाला ते कळत नाही.

प्रमाणपत्र 'कायमस्वरूपी' मिळालं, ते पोर्टलवरून आधी डाउनलोड झालं, कार्ड मागाहून आलं. कार्डाची वाट बघत थांबू नका, प्रमाणपत्राची रंगीत प्रिंट चालते.

त्याचा मला झालेला रोख फायदा एकच : आयकरात तेव्हाच्या कलम ८०यू खाली ७५,००० रुपयांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असतील तर १,२५,०००. पण ती जुनी करप्रणाली निवडली तरच. आमच्या अकाउंट्समध्ये दोन्ही बाजूंनी आकडे मांडून बघितले, मला जुनीच फायद्याची निघाली. रेल्वेच्या तिकिटाची सवलत मिळेल असं सगळे नातेवाईक सांगत होते. ती मिळत नाही. रेल्वेची सवलत ऐकणं आणि बोलणं दोन्ही नसलेल्यांना आहे, नुसतं ऐकू कमी येणाऱ्यांना नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात मी आता गर्दीच्या वेळी चढते. हातपाय धड दिसतात म्हणून लोक बघतात, काही जण बोलतातही. कार्ड पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय, दाखवते आणि बसते.

उजव्या कानातून दोन दिवस बारीक शिट्टी येतेय. मॅडमना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या मोल्ड सैल झाला असेल, वर्षभराने होतो. शनिवारी नवीन माप द्यायला जायचंय, त्याचे १,२५० रुपये. जाताना ऑडिओग्रामही नवा काढून घेईन, वर्ष झालंच आहे.